आधी गाडीखाली शिरा

चंदीगडहून निघालेली गाडी तासाभराच्या आत कालक्याला पोचते आणि तिथून रस्ता थेट हिमालयात चढू लागतो. सिमला सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मनाली, अटल बोगदा, लाहौल, स्पिती हे सगळं एका लांब सुट्टीत बसतं. हिवाळ्यात मोठा बर्फ पडला की मनालीच्या वर पोलिस गाड्या अडवतात आणि पुढे सोडतात त्या फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या. चारही चाकांना ताकद देणारी गाडी इथे मिरवायला घेतली जाते हे खरं, पण ती कामालाही येते. म्हणून मनीमाजऱ्याच्या आणि सेक्टर २८ च्या मोटर मार्केटमध्ये वीस-पंचवीस वर्षांची जिप्सी किंवा सफारी उघड्या बॉनेटखाली उभी दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही.

या बाजाराला दिल्लीनेही हातभार लावला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली आणि पेट्रोल गाड्यांसाठी पंधरा वर्षांची मर्यादाही अधोरेखित केली. चंदीगड एनसीआरमध्ये येत नाही. त्यामुळे दिल्लीत वय भरलेल्या, पण नीट सांभाळलेल्या मोठ्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन उत्तरेकडे सरकल्या. एके काळी वीस लाखांच्या पुढे गेलेली गाडी हॅचबॅकच्या भावात मिळते म्हटल्यावर कुणाचंही मन डळमळतं.

इथेच घोडं पेंड खातं. घेणारा विचारतो, ‘पजेरो घेऊ की एंडेव्हर? जिप्सी घेऊ की थार?’ आणि मित्रांच्या कट्ट्यावर त्यावर रात्र सरते. जुनी फोर बाय फोर घेऊन ती उभी करायची असेल, तर बॉनेटवरच्या नावाला शेवटचा मान द्यायला हवा. आधी पाहायचे कागद, मग चासी, मग सुटे भाग. या तिन्हींत जी गाडी उतरेल ती आपली, मग ती कट्ट्यावर कितीही मागे पडो.

या कसोटीवर जिप्सीचं पारडं जड आहे. मारुतीने ती डिसेंबर १९८५ मध्ये आणली तेव्हा इंजिन हजार सीसीच्याही आतलं होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली आणि २००० च्या सुमारास तिला एमपीएफआय इंधन यंत्रणा मिळून ताकद ८० बीएचपीच्या घरात गेली. वजन जेमतेम एक टन. चिखलात आणि बर्फात हे हलकेपणच तिला तारतं. दोन टनांची गाडी जिथे रुतून बसते तिथून जिप्सी निघून जाते. पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, चार चाकांसाठी वेगळा लिव्हर, पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब. यात बिघडू शकणारी एकही गोष्ट अशी नाही, जी चांगल्या मिस्त्रीला उघडून दिसत नाही. सामान्य ग्राहकांसाठी तिचं बुकिंग २०१८ च्या अखेरीस थांबलं, पण त्यानंतरही लष्कराने तिची मागणी नोंदवली. ताडोबात, पेंचमध्ये वाघ पाहायला गेलेला मराठी पर्यटक आजही बहुधा जिप्सीतच बसतो. एवढ्या गाड्या रोज राबत असल्या की सुट्या भागांचा बाजार मरत नाही.

तिचे दोषही जाणून घ्यावेत. पहिला दोष गंज. पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या वरचे कोपरे आणि बॉडी जिथे चासीवर टेकते त्या जागा सडतात आणि विकणारा त्यावर लांबी भरून रंग मारतो. दुसरा दोष स्टिअरिंगचा: साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागला की ते थरथरू लागतं. पुष्कळदा ही पुढच्या ॲक्सलमधल्या किंगपिन बेअरिंगांची झीज असते आणि खर्च आटोक्यात राहतो. सडलेल्या चासीचं तसं नाही. तिला वेल्डिंगची ठिगळं लावून गाडी रस्त्यावर येते, विश्वासाची राहत नाही. आणि जिप्सीत आरामाची अपेक्षा ठेवू नये. आई-वडिलांना घेऊन चंदीगड ते नाशिक करायचं असेल, तर ही गाडी त्यासाठी नाही.

महिंद्राची परंपरा याहून जुनी. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून ती सुरू झाली. पुढच्या काळातल्या एमएम ५४० सारख्या जीप पंजाबच्या शेतांत आणि सह्याद्रीच्या घाटांत सारख्याच राबल्या. त्यांचं पूजोचं डिझेल इंजिन सुस्त आहे, आवाज करतं, पण गावातला फिटरही ते बांधू शकतो. आज मात्र यातली अनेक वाहनं दोन-तीन गाड्यांचे अवयव एकत्र करून उभी केलेली असतात. म्हणून दुरुस्तीला घ्यायची तर २०१० मध्ये आलेली, नाशिकला बांधलेली थार सीआरडीई अधिक शहाणपणाची. इंजिन २४९८ सीसीचं, ताकद १०५ बीएचपी आणि चढाला खेचणारं. २०१५ च्या बदलात तिला मागच्या ॲक्सलवर यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल मिळालं. एक चाक हवेत किंवा चिखलात फिरत राहिलं, तर हे लॉक दुसऱ्या चाकाला ताकद देतं. बर्फाच्या वाटेवर त्याची किंमत कळते, म्हणून पाच-सहा महिने थांबावं लागलं तरी २०१५ नंतरची थार शोधावी. डॅशबोर्डचं प्लास्टिक हलकं आहे, दारांतून वारा येतो. ते सोसता येतं.

सफारीबद्दल मराठी माणसाला जिव्हाळा असणं साहजिक आहे. १९९४ ची सुमो हे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या अक्षरांवरून आलं आणि टेल्कोच्याच पुण्याच्या कारखान्यातून १९९८ मध्ये सफारी बाहेर पडली. लष्कराने जिप्सीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये ३१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या. पहिल्या दोन लिटर टर्बो इंजिनाच्या सफारीच्या वाटेला जाऊ नये. वजनाच्या मानाने ते इंजिन दमतं. २.२ लिटरची डायकॉर किंवा स्टॉर्म फोर बाय फोर ही कुटुंबासाठी या सगळ्यांत आरामाची. पण तिचं फोर बाय फोर बटणाने लागतं, आणि वर्षानुवर्षं न दाबलेलं बटण ऐन वेळी साथ देत नाही. ते चालू होतं की नाही हे खरेदीआधी मातीवर पाहावं.

पुण्याचीच फोर्स गुरखा ही अवघड वाटेची खरी दर्दी. २०१३ च्या गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक होतं. त्या किमतीत असं दुसरं कुणी देत नव्हतं. मात्र तिची संख्या कमी, म्हणून सुटे भाग मागवून थांबायची तयारी हवी.

आता पजेरो. हिंदुस्थान मोटर्सने २००२ पासून विकलेली २.८ लिटर डिझेलची पजेरो एसएफएक्स आजही रस्त्यावर दिसली की माना वळतात. गाडी म्हणून ती अव्वल होती, यात वाद नाही. पण मित्सुबिशीच्या नव्या गाड्या आता भारतात विकल्या जात नाहीत. एका सेन्सरसाठी किंवा ट्रान्स्फर केसच्या एका भागासाठी दिल्लीच्या मायापुरीत भंगार धुंडाळायचं, नाहीतर परदेशातून मागवायचं. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा जुनी एंडेव्हर घेणाऱ्यानेही हा विचार करावा. अशी गाडी ज्याच्याकडे दुसरी रोजची गाडी आहे आणि वेळ आहे त्यानेच घ्यावी. पहिली जुनी गाडी म्हणून पजेरो घेणं ही चूक आहे.

कागदांकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि नुकसान तिथेच मोठं होतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये देशात बहुतेक ठिकाणी कारच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं. चंडीमंदिरच्या छावणीत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाने सीएच-०१ ची गाडी घेतली आणि दोन वर्षांनी पुण्याला न्यायची ठरवली, तर एनओसी आलं, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आला, बारा महिन्यांच्या वर मुक्काम असेल तर नवा नंबर आला आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला पर्यावरण करही आला. हा हिशेब सौद्याआधी मांडावा. पंधराव्या वर्षाला टेकलेली गाडी असेल, तर नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्यावं.

आणि ‘मॉडिफाय’चा मोह टाळावा. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरची मंडी डबवाली उघड्या, रुंद टायरांच्या जीपसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मिस्त्र्यांचं कसब थोर आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, आरसीवर बंद बॉडी आणि प्रत्यक्षात उघडी, अशी गाडी नूतनीकरणाच्या तपासणीत अडकते आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यालाही नडते. चंदीगडच्या गेरारी ऑफरोडर्ससारख्या क्लबची मंडळी गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये बदललेल्या गाड्या उतरवतात; ती स्पर्धेची गाडी असते, मुलांना शाळेत सोडायची नव्हे. जुनी गाडी उभी करायची म्हणजे कारखान्यातून आली होती तशी करायची. त्याने पैसा वाचतो, पोलिसांशी हुज्जत टळते आणि पुढे विकताना भावही येतो.

तपासणीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. इंजिन थंड असतानाच पोचावं. आपण येण्याआधी गरम करून ठेवलेलं इंजिन सकाळचा धूर लपवतं. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अंक-अंक जुळवावा. डिफरन्शिअलच्या तेलाचा बोल्ट उघडायला लावून बोट बुडवावं. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे, आणि जुलै २०२३ च्या विक्रमी पावसात या भागातल्या किती गाड्या बुडाल्या होत्या हे आठवावं. मग मातीवर किंवा शिवालिकच्या पायथ्याच्या एखाद्या कोरड्या चोमध्ये, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या पात्रात, फोर-लो टाकून गाडी सरळ आणि वळवून चालवावी. कोरड्या डांबरावर हे करू नये. पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन ट्रान्स्फर केसवर ताण येतो. आधीचा मालक रुबाबासाठी हेच करत असेल, तर कटकट आवाजातून ते कळतं. आणि गाडीच्या किमतीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवूनच बोली लावावी.

मग घ्यावं काय? एकट्याने किंवा दोघांनी डोंगर भटकायचा असेल, तर २००० नंतरची, कागद सरळ असलेली एमपीएफआय जिप्सी. बर्फात वारंवार जाणं असेल, तर २०१५ नंतरची थार. घरच्या पाच जणांना न्यायचं असेल, तर स्टॉर्म फोर बाय फोर. यांपैकी कोणतीही असो, पैसे देण्याआधी ती आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे लिफ्टवर चढवून घ्या. विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.