डेकच्या खिडकीतलं नाव

गेल्या दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज मुहूर्त लागला. विषय ऐकून निम्मी मंडळी पळतील म्हणून आधीच सांगतो, हे कॉम्प्युटरबद्दल आहे आणि आईबद्दलही आहे. ज्यांना पहिल्यात रस नाही त्यांनी मधले तीन-चार परिच्छेद गाळले तरी चालेल.

आमच्या विश्रामबागच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा डबा होता. २०१६ साली मी तो मोठ्या हौसेने बसवला. आत एक रास्पबेरी पाय, दोन टेराबाइटची डिस्क आणि कोडी. डिस्कवर सिनेमे, नाटकं, लग्नामुंजीचे फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या ६४ कॅसेट. कौतुकाने बोलायचं तर होम थिएटर कॉम्प्युटर. डब्याच्या तोंडावर एक बटण आणि एक निळा ठिपका, बाकी काही नाही. मला ते फार देखणं वाटायचं. आताच्या सगळ्याच वस्तू अशा असतात, गुळगुळीत आणि मुक्या.

पण मी पुण्याला असतो आणि महिन्यातून दोनदा येतो. डब्याबरोबर रोज राहणारी आई. तिला सकाळी सहाला देवपूजेच्या वेळी अभंग हवे असतात. अभंगांची यादी टीव्हीवर दिसणार, म्हणजे पहाटे पहाटे बेचाळीस इंची उजेड खोलीभर पाडायचा. ते तिला नको असायचं. मग ती नुसतं बटण दाबायची. यंत्र जागं व्हायला अर्धा-पाऊण मिनिट घेतं, तेवढ्यात काही झालं नाही असं वाटून ती परत दाबायची, आणि ते बंद व्हायचं. मग मला फोन. "अरे, चालू झालंय का नाही तेच कळंना झालंय बघ." मी पुण्यातून सांगणार, निळा दिवा दिसतो का? तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण राईएवढा निळा ठिपका पलंगावरून दिसावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

वर्षभराने मी आलो तेव्हा डब्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी होती. आईने तक्रार केली नाही. तिने फक्त ऐकणं सोडलं होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं, की मी ते यंत्र आईसाठी बसवलंच नव्हतं. ज्याच्या हातात रिमोट आहे आणि ज्याला आत काय चाललंय हे आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी बसवलं होतं. म्हणजे माझ्यासाठी.

आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, आठवतो का? बटण फिरवलं की आधी काचेची पट्टी पिवळसर उजळायची. आवाज यायला वेळ लागायचा, पण उजेड लगेच यायचा, म्हणजे 'थांब जरा, मी उठतोय' असं सांगणं. आणि तो हिरवा डोळा! स्टेशन नीट लागलं की त्याच्या हिरव्या पाकळ्या जवळ यायच्या. आजीला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, तरी सांगली आकाशवाणी काट्याच्या कुठल्या जागेला लागते हे तिला पाठ होतं. यंत्राचा चेहरा वाचायला साक्षरता लागत नव्हती.

पुढे टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर आले, त्यांच्या पट्टीवर निळसर-हिरवे आकडे चमकायचे. ती व्हीएफडी, म्हणजे निर्वात काचेत फॉस्फर उजळवणारी पट्टी, हे १९६० च्या दशकातलं जपानी संशोधन. टीव्हीशेजारी ठेवायच्या कॉम्प्युटरच्या पेट्यांवरही २००५ च्या आसपास अशा पट्ट्या यायच्या. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने 'साइडशो' नावाची सोयही आणली होती, मुख्य पडदा न लावता छोट्या पडद्यावर माहिती दाखवायची. ती रुजली नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, की माहिती टीव्हीवर किंवा फोनवर दिसते तर डब्याला तोंड कशाला?

मी ठरवलं की आपण आपल्या डब्याला तोंड द्यायचं.

पहिला प्रयोग स्वस्तातला. सोळा अक्षरं, दोन ओळी, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. झेरॉक्स मशिनपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे दिसतो तो एलसीडी. त्यामागे हिताचीच्या एचडी४४७८० या चिपची भाषा असते. फार जुनी चिप, पण अजून सगळे तिच्याच रीतीने बोलतात. मागे आयटूसीचा छोटा बोर्ड जोडला की चार तारांत काम होतं. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि हा एलसीडी ५ व्होल्टचा, म्हणून मध्ये लेव्हल कन्व्हर्टर घालायचा. एवढं करून पाटीवर काहीच दिसेना. दोन तास तारा तपासल्या. मग कळलं, मागे एक चिमुकला स्क्रू असतो कॉन्ट्रास्टचा, तो फिरवायचा राहिला होता. (करणार असाल तर आधी तो फिरवा!) एलसीडीप्रॉक नावाची मोफत प्रणाली चढवली, ती कोडीकडून गाण्याचं नाव घेऊन पाटीवर लिहिते. मी आईला हाक मारली, गाणं लावलं, आणि पाटीवर आलं 'ट्रॅक ०७'. तेही इंग्रजीत.

आई म्हणाली, "म्हणजे काय वाजतंय?"

यातल्या पहिल्या अडचणीकडे आधी वळलो, ती म्हणजे मराठी. फाईलचं नाव देवनागरीत केलं तर पाटीवर नुसती प्रश्नचिन्हं. या चिपच्या पोटात अक्षरांचा साठा ठरलेला असतो. एका प्रकारात इंग्रजीबरोबर जपानी काताकाना, दुसऱ्यात युरोपी अक्षरं. देवनागरी कुठेच नाही. आपली अक्षरं घडवायला जागा आहे, पण एका वेळी फक्त आठ, आणि प्रत्येक अक्षर पाच बाय आठ ठिपक्यांत. मी हट्टाने चौकटीच्या वहीवर अक्षरं काढली. 'आई' जमलं. पण या पाटीवर दोन घरांच्या मध्ये एक बारीक फट असते, तिथे ठिपकाच नाही. त्यामुळे शिरोरेषा जोडली जात नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या तुटक काठीला लटकलेलं. वर वेलांटी, खाली उकार, त्यात जोडाक्षर आलं की खेळ खलास.

मग ग्राफिक ओलेड आणला, २५६ बाय ६४ ठिपक्यांचा, जेमतेम आठ सेंटिमीटर रुंद. यात ठरलेली अक्षरं नसतात. आपण चित्र पाठवायचं, तो दाखवणार. पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कोडीला विचारतो, आत्ता काय वाजतंय, आणि उत्तराचं चित्र काढतो. पहिल्याच दिवशी 'विठ्ठल'ची वेलांटी व च्या पलीकडे जाऊन बसली आणि 'ज्ञानेश्वर'मधला ज्ञ फुटून पाय मोडका ज आणि ञ शेजारी शेजारी उभे राहिले. जुन्या मंडळींना हे दृश्य ओळखीचं आहे! विंडोज एक्सपीवर मराठी वाचायची म्हणजे कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मग ती एक्सपीची सीडी शोधायची, ते दिवस. इथेही तेच. अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी, राक्म तिचं नाव, वेगळी घालावी लागली. ती घातली आणि 'ज्ञानेश्वर' एकसंध उभे राहिले. ओलेडचा जो ठिपका जास्त पेटतो तो लवकर मंद होतो, म्हणून नाव दर मिनिटाला किंचित सरकतं आणि रात्री दहानंतर पाटी झोपते.

आता दुसरी अडचण, आणि हीच खरी. 'ट्रॅक ०७' म्हणजे काय?

बाबांच्या कॅसेटमध्ये विकतच्या थोड्याच. बहुतेक त्यांनी स्वतः भरलेल्या. सांगली आकाशवाणीवरची नाट्यगीतं, मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाचं गाणं (अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे, ते १९३७ साली गेले), आमच्या घरचं गुरुवारचं भजन, आजोबांचं बोलणं. प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या बारीक तिरक्या अक्षरात काय, कुठे, कधी. २०१२ साली मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. २१२ फाईली झाल्या. नावं टाईप करायचा कंटाळा केला. म्हटलं, कॅसेटवर लिहिलेलं आहेच की, सवडीने करू. कॅसेट जड होत होत्या म्हणून गावभागातल्या काकांच्या माडीखालच्या कपाटात ठेवल्या. २०१५ मध्ये बाबा गेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ फुटांवर गेलं. काका-काकू आणि सगळी मंडळी आठ दिवस आमच्याकडे विश्रामबागला होती. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा कॅसेट होत्या, पण चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता आणि जिथे कागद शिल्लक होता तिथली शाई गेली होती. मी सगळ्यांना धीर दिला, आवाज सगळा माझ्याकडे सुरक्षित आहे म्हणून. आवाज होताच. त्याला नाव नव्हतं.

हे इतकी वर्षं मी कुणाला बोललो नव्हतो. त्या पाटीने बोलायला लावलं. रिकामी पाटी लावून बसल्यावर तिच्यावर काय लिहायचं हा प्रश्न टाळता येत नाही.

मग आम्ही बसलो. दर दुसऱ्या शनिवारी, दुपारचा चहा झाल्यावर, मी लॅपटॉप घेऊन आणि आई डोळे मिटून. एक फाईल लावायची, ती ऐकायची. "हे आपलं दत्तजयंतीचं. पेटीवर तुझे बाबा. ही मागं खोकतीय ना, ती मी." कधी दोन मिनिटांत नाव सापडायचं, कधी तिसऱ्या बैठकीत. एकदा आजोबांचा आवाज आला, शेतीच्या हिशोबाचं काहीतरी रागावून बोलत होते, आणि आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत मी टाईप करत गेलो. एका फाईलचं नाव 'पाऊस पडत होता ते भजन' असं आहे. तेच बरोबर आहे.

काळा डबा मी काढून टाकला. बाबांचा मोटर जळलेला डेक माळ्यावर होता. त्याच्या पोटातलं सगळं काढून पाय आत बसवला, आणि कॅसेट घालायच्या खिडकीमागे तो ओलेड. मापात बसला. जिथून बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी दिसायची तिथेच आता नाव दिसतं. बटण दाबलं की सगळ्यात आधी येतं 'थांबा, उठतोय'. एवढं एक वाक्य आल्यावर आईचे फोन थांबले. म्हणजे त्या कारणासाठीचे थांबले :-)

माझा भाचा म्हणतो, मामा, एवढा खटाटोप कशाला, आजीच्या फोनवर ॲप टाकून दिलं असतं. त्याचं चूक नाही. फोनवर यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. पण फोनवरचं ज्याचा फोन त्याला दिसतं. डेकवरचं नाव खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. परवा भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारात थांबून म्हणाल्या, "हे दादांचं व्हय?" घरातलं यंत्र घरातल्या सगळ्यांचं असायचं असेल, तर ते काय करतंय हे त्याच्या तोंडावर, घरातल्या भाषेत, चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत झालंय. आणि कुठलीही पाटी आपणहून शहाणी नसते. कुणीतरी बसून लिहिलेलं असेल तेवढंच ती दाखवते. आवाज वाचवला आणि चिठ्ठी टाकून दिली, तर अर्धंच वाचवलं. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील, अल्बम असतील, तर ज्यांना नावं माहीत आहेत ते समोर बसलेत तोवर लिहून घ्या. पाटी नंतर लावा, किंवा लावूही नका.

असो. २१२ पैकी १९३ झाल्या. १९ राहिल्यात, त्या लावल्या की खिडकीत 'नाव माहीत नाही' असं येतं. त्यातल्या ८८ क्रमांकाच्या फाईलमध्ये एक लहान मुलगी फार सुरेख ओवी म्हणते, मागे जात्याचा आवाज आहे, आणि शेवटी बाबा 'शाब्बास' म्हणतात. आईलाही ती कोण ते आठवत नाही. काकांकडच्या, मिरजेकडच्या मंडळींनी पुढच्या खेपेला येताना जरा वेळ काढून यावं. चहा आईकडे, ८८ नंबर मी लावून ठेवतो.