सरांना घरून साथ द्या

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’चे मानकरी ठरले, तेव्हा आपण सोलापूरकरांनी अभिमानाने त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. दहा लाख डॉलरचं बक्षीस होतं, आणि त्यातली निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी धडे ऐकण्या-बघण्याजोगे केले, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तो कोड उघडायला मोबाईल लागतो, आणि मोबाईल असतो आई-वडिलांच्या हातात. संध्याकाळी तो घटकाभर मुलाला मिळाला आणि शेजारी कुणी बसलं, तरच गुरुजींची मेहनत मुलापर्यंत पोचते. शिक्षक कितीही हुशार असो, शाळा सुटल्यानंतरचं काम त्याच्या हातात नसतं. ते आपल्याला करायचं आहे. त्याबद्दलच ही विनंती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हे मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. आपल्या शहरात भोंगा वाजवणं जमणार नाही, पण एका वाड्यातल्या, एका चाळीतल्या चार-सहा घरांनी ठरवलं तर कोण अडवणार आहे? मालिका दीड तासाने बघता येते.

“आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?” असं पूर्व भागातल्या कितीतरी आया म्हणतात. बाई, अभ्यास घेऊ नका, ऐका. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळताना हात कामात असतात, कान मोकळे असतात. मुलीला समोर बसवा आणि धडा मोठ्याने वाचायला सांगा. ती कुठे अडखळते, कुठे ओळ गाळून पुढे पळते, हे अक्षरओळख नसलेल्या आईलाही कळतं. दुसऱ्या दिवशी तेवढंच बाईंच्या कानावर घाला. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मराठीत बोलायला संकोच वाटत असेल, तर शेजारणीला सोबत न्या. बाईंना तुमची भाषा नसेल येत, पण तुम्ही आलात हे त्यांना पुरतं.

आणखी एक. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी घागरी भरायला मोठ्या मुलीला घरी ठेवलं जातं. अडचण खरी आहे. पण त्याच दिवशी भागाकार शिकवला गेला तर पुढचे आठ दिवस ती मुलगी वर्गात गप्प बसते. खाडा टाळता येत नसेल तर निदान काय शिकवलं ते मैत्रिणीकडून त्याच संध्याकाळी उतरवून घ्यायला लावा.

आता मैदानाकडे येऊ. पार्क स्टेडियमवर सकाळी सराव चालू असताना जाळीबाहेर उभ्या असलेल्या वडिलांकडे बघा. सरांनी पोराला सांगितलेलं असतं, आज फक्त मागच्या पायावर खेळायचं. बाहेरून आवाज येतो, “अरे पुढं ये, मार की!” पोरगं एकदा सरांकडे बघतं, एकदा वडिलांकडे, आणि तेवढ्यात दांडी उडते. मला हे बघवत नाही. तुमचा जीव तुटतो, हे कळतं. पण पोराला एका वेळी एकच गुरू पेलतो. जाळीपासून लांब बसा. सरांचं पटलं नाही तर सराव संपल्यावर, मूल जवळ नसताना बोला. घरी जेवताना “तुझ्या सरांना काही कळत नाही” असं एकदा जरी म्हणालात, तरी दुसऱ्या दिवशी सरांचा शब्द त्या पोराच्या कानात शिरत नाही.

वेळापूरचा रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आपल्या जिल्ह्याच्या मातीत ही ताकद आहे. खो-खोचे, कुस्तीचे किती मार्गदर्शक नोकरी सांभाळून, पदरमोड करून पोरं घडवतात! त्यांना हार-तुरे नकोत. पोर वेळेवर पोचावं, रात्री दहाला झोपलेलं असावं, सकाळी बिस्किटाच्या पुड्याऐवजी भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, भाकरी पोटात गेलेली असावी, एवढं त्यांना हवं असतं. जिथे फी आहे तिथे ती महिन्याच्या महिन्याला द्या. आणि स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये आजच लावून ठेवा. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. शेवटच्या आठवड्यात कागदासाठी सरांच्या मागे धावण्यात सगळ्यांचीच दमछाक होते.

रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर शिक्षकांना जाब विचारू नका. निवडणूक, जनगणना ही कामं कायद्यानेच त्यांच्याकडे येतात; त्या दिवसांत वर्ग रिकामा दिसला तर राग त्यांच्यावर काढू नका.

साथ द्यायची म्हणजे डोळे मिटायचे, असं मात्र नाही. शाळेत मारहाणीला शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. “सरांनी मारलं म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असेल” हे वाक्य आपल्या घरातून गेलं पाहिजे. मूल शाळेला किंवा सरावाला जायला अचानक घाबरू लागलं तर आधी त्याचं ऐका, मग शिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. अंगचटीला येण्याची शंका असेल तर भिडेखातर एक दिवसही थांबू नका. १०९८ वर फोन करा, पोलिसांत जा.

बाकीच्या तक्रारींसाठीही जागा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत २००९ च्या त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा, आणि निम्म्या सदस्य महिला. स्वच्छतागृहाला दार नाही, मैदानावर काचा पडल्यात, खेळाच्या तासाला गणित घेतलं जातं, हे तिथे मांडायचं. सह्यांपुरती समिती ठेवू नका. पुढची बैठक कधी आहे हे उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा विचारा, आणि त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळत नसेल तर आजीला पाठवा.