स्वभावाला औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या मराठी घरांत वारंवार कानी पडते. सासू ती सुनेविषयी उघड म्हणते, सून सासूविषयी मनातल्या मनात म्हणते, आणि परीक्षेचा निकाल हाती पडला की वडील चिरंजीवांविषयी म्हणतात. माणसाच्या ठायी काही एक जन्मजात, न पालटणारा गाभा असतो व त्यापुढे कोणाचाही इलाज चालत नाही, अशी या म्हणीमागची समजूत आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आचार्य नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने याच ‘स्वभाव’ शब्दाला हात घातला आणि असा स्वभाव कोठेही, कशातही सापडत नाही, असे तर्काने दाखविले. त्या सिद्धांताचे नाव शून्यता.

हे नावच पुष्कळ गैरसमजांचे मूळ झाले आहे. आमच्या शाळेत शून्य म्हणजे भोपळा. तो मिळाला की मूल रडत घरी जाते. त्यामुळे ‘सर्व शून्य आहे’ असे ऐकताच ‘जगात काहीच नाही, सारे खोटे आहे’ असा अर्थ आपण लावतो. सातव्या शतकातील भाष्यकार चंद्रकीर्ती यांनी अशा लोकांसाठी एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही. गिऱ्हाईक म्हणते, बरे तर, ते ‘काही नाही’च मला द्या! शून्यता हीदेखील एक वस्तू आहे असे मानून तिला धरून बसणारा माणूस या गिऱ्हाइकाचाच भाऊ होय.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा, की शून्य म्हणजे कशाने रिकामे? घागर रिकामी आहे असे म्हणताना ती पाण्याने रिकामी आहे, इतकेच आपल्याला सांगायचे असते. घागर नाहीच, असे कोणी म्हणत नाही. पाली संयुत्तनिकायात आनंदाने जग शून्य का म्हणतात असे विचारले असता, ते ‘मी’ आणि ‘माझे’ यांनी रिकामे आहे म्हणून, अशा आशयाचे उत्तर बुद्धांनी दिल्याचे आढळते. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात हाच विचार रथाच्या उदाहरणाने मांडला आहे. ग्रीक राजा मिलिंद रथातून आला होता. भिक्षू नागसेनाने त्याला विचारले, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नाला राजाला नाही म्हणावे लागले. हे सारे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हे नाव व्यवहारात येते, हे त्याने अखेर मान्य केले. राजा रथातून आला हे खरेच होते. मात्र भागांपलीकडचा वेगळा ‘रथ’ त्याला दाखविता आला नाही.

हैदराबादच्या वाचकांपैकी अनेकांनी नागार्जुनकोंडा पाहिला असेल. परंपरेने या आचार्यांचेच नाव त्या टेकडीशी जोडलेले आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली ते खोरे जाणार, म्हणून १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठे उत्खनन झाले आणि काही प्राचीन वास्तूंची टेकडीच्या माथ्यावर व काठावरील अनुपू येथे पुनर्रचना करण्यात आली. टेकडी आता बेट झाली आहे. जागा बदलली, जुळणी नव्याने झाली, तरी विहार आहे. तो पाहता येतो, त्यापुढे हात जोडता येतात. परंतु ‘विहारपण’ नावाची गोष्ट त्यांतील कोणत्याही एका विटेत सापडणार नाही.

नागार्जुनांचा मुख्य ग्रंथ मूलमध्यमककारिका. त्यात २७ प्रकरणे व सुमारे साडेचारशे कारिका आहेत. ‘स्वभाव’ म्हणजे दुसऱ्या कशावरही अवलंबून नसलेले, आपल्या आपण असणारे स्वरूप, अशी त्यांची व्याख्या. जे कारणांनी उत्पन्न होते त्याला असे स्वरूप असू शकत नाही. म्हणून प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणांच्या आधाराने होणारी उत्पत्ती, आणि शून्यता ही त्यांच्या मते एकाच गोष्टीची दोन नावे ठरतात. चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी आक्षेप घेतो, की सर्व शून्य असेल तर दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि मार्ग ही चारही सत्ये कोसळतील. नागार्जुन हा आक्षेप त्याच्यावरच उलटवितात. वस्तूंना अढळ स्वभाव असता, तर दुःख कधी उपजले नसते आणि उपजलेले कधी संपले नसते. मार्गावर चालण्यात अर्थच उरला नसता. हे आपल्या स्वयंपाकघरातही पाहता येते. दुधातला दूधपणा अढळ असता, तर कितीही विरजण लावले तरी दही लागले नसते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. नागार्जुनांनी एका राजाला लिहिलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. परंपरा त्या राजाला सातवाहन म्हणते, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. आपल्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात शून्यता म्हणजे नास्तित्व नव्हे असे निक्षून सांगितले. शून्यतेमुळेच सर्व काही शक्य होते, असा त्यांचा अभिप्राय आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या परिसराला नागसेनवन आणि तेथील महाविद्यालयाला मिलिंद ही नावे आहेत. जन्मानेच माणूस उच्च वा नीच ठरतो, हे शतकानुशतके ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्या दृष्टीने ‘असा कोणताही जन्मजात गाभा नाही’ हे वाक्य केवळ पंडिती वादाचा विषय नव्हते.

आमच्या तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात या ‘गाभ्या’ची दुसरी एक जात आम्ही पाहिली आहे. तिचे नाव ‘ढ’. हे अक्षर एकदा मुलाच्या कपाळी लागले की पुसता पुसत नाही. पण अशा मुलाजवळ बसून पाहावे, तर एकाला फळ्यावरचे दिसतच नसते आणि चष्मा मिळताच त्याचे गणित सुधारते. दुसऱ्याच्या घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि पुस्तकात तिसरीच भाषा असते. तिसऱ्याला पहाटे दूध घालून शाळेत यावे लागते. डोळे, भाषा, झोप, शिक्षकाचा आवाज, अशी कारणे एकेक बाजूला काढली, तर शेवटी ‘ढपणा’ म्हणून हाती काहीच लागत नाही. मुलाची अडचण खरी असते, पण ती कारणांनी बनलेली असते आणि म्हणूनच तिला औषध असते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सारे शून्यच आहे, मग अभ्यास कशाला आणि सचोटी कशाला, असे म्हणणारे निघतात. चुकीच्या जागी धरलेल्या सापाप्रमाणे चुकीची समजलेली शून्यता घातक होते, असे नागार्जुन बजावतात. व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगताच येत नाही, असेही ते म्हणतात. वस्तुतः या विचाराने आपली जबाबदारी वाढते. समोरचा माणूस कारणांनी घडत असेल, तर त्या कारणांत आपले बोलणे, आपले मौन आणि आपली म्हणही येते. ‘तू असाच आहेस’ हे रोज ऐकणारे मूल तसे होऊ लागते, आणि मग आपण त्याला स्वभाव म्हणतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतील मराठीलाही हे लागू आहे. येथील मराठीत तेलुगू व दख्खनीचे शब्द मिसळले म्हणून काही मंडळी खंतावतात. उलट, रक्तातच मराठी आहे, ती जाते कुठे, म्हणून काही निर्धास्त असतात. दोघेही मराठीपणाला पेटीत ठेवलेला दागिना समजतात. ती घरात बोलली, वाचली, मुलांना ऐकविली, तर राहते. नाही तर नाही.

पुढल्या खेपेस ‘स्वभावाला औषध नाही’ असे शब्द ओठांवर आले, तर वाचकांनी क्षणभर थांबून ‘हे कशामुळे?’ एवढेच स्वतःला विचारावे. उत्तर लगेच मिळेल असे नाही. पण शोध सुरू झाला की निदान समोरच्या माणसावरचा शिक्का तरी सैल होतो.