मशिदीखालची गोठलेली जमीन

२०१० साली कॅनडातल्या विनिपेग शहरात एक लहानशी मशीद बांधून ती ट्रकवर चढवण्यात आली. आधी रस्त्याने आणि मग मॅकेंझी नदीतून बार्जवर, असा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करून सप्टेंबरात ती इनुविक या गावी पोहोचली. तिथली शंभराच्या आसपासची जमात तोवर एका छोट्या ट्रेलरमध्ये नमाज पढत होती. तिथे जागेवर बांधण्यापेक्षा दुसरीकडे बांधून आणणे स्वस्त पडले! नोव्हेंबरात मशीद सुरू झाली. सहा महिन्यांनी तिथे सूर्य मावळेनासा होतो, मग रोजे-नमाजच्या वेळा कशा ठरवायच्या, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईलच. तो उलेमांवर सोपवून आम्ही आज मशिदीखालच्या जमिनीकडे बघणार आहोत.

इनुविक उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर आहे. जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश किंवा त्याखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त वरचा थोडा थर वितळतो. खालची माती, वाळू आणि बर्फ एकजीव होऊन दगडासारखे घट्ट असतात. अडचण थंडीची नाही, उबेची आहे. घर सरळ जमिनीवर बांधले तर चुलीची, हीटरची ऊब खाली झिरपते, बर्फ वितळतो आणि घर आपल्याच उबेने खचते. आपल्याकडे काळ्या मातीत बांधकाम करणाऱ्यांना जमिनीची लहर माहीत असते. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पण काळ्या मातीवर मुरूम भरून निभावता येते. इथे जमीन गोठलेलीच ठेवावी लागते. म्हणून इनुविकमधल्या इमारती खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या असतात आणि खालून थंड वारा खेळता ठेवतात. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही पुरत नाहीत. जमिनीच्या वर, उबदार आच्छादनाच्या लांबलचक पेट्यांतून ते घरोघरी जातात. अशा गावात वुजूचे कोमट पाणी अंगणात सोडून देण्याची सोय नाही.

हे गाव मुळात वसले तेच जमिनीच्या कारणाने. जवळचे अक्लाविक नदीच्या त्रिभुज प्रदेशात, गाळाच्या आणि बर्फाने भरलेल्या जमिनीवर आहे. तिथे पूर येतो, किनारा ढासळतो. १९५०च्या दशकात सरकारने ते हलवायचे ठरवले आणि पूर्वेकडच्या उंच, खडीच्या जागेवर इनुविक उभारले. अक्लाविकचे सगळे लोक मात्र गेले नाहीत. मासे आणि शिकार तिथे होती. शेकडो माणसे आजही तिथे राहतात. इंजिनिअरचे म्हणणे बरोबर होते, पण राहणाऱ्यांचेही चूक होते असे आम्हाला वाटत नाही.

शाळेत आपण टुंड्रा म्हणजे ‘शेती होत नाही’ एवढेच शिकवून पुढे जातो. का होत नाही, हे सांगितले तर मुलांना गंमत वाटेल. इनुविकला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५० मिलिमीटरच्या आसपासच पडते, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तरी उन्हाळ्यात पायाखाली चिखल आणि डबकी असतात, कारण खालच्या गोठलेल्या थरातून पाणी मुरतच नाही. मुळांना खोल जाता येत नाही. वर शेवाळाची जाड गादी असते, ती ऊन खाली पोहोचू देत नाही. नांगर घालून ती गादी काढली तर खालचा बर्फ वितळतो आणि शेताचे डबके होते.

तरीही गावकऱ्यांनी भाजी पिकवलीच. १९९८ साली आइस हॉकीच्या एका जुन्या हॉलचे छप्पर पारदर्शक करून हरितगृह केले. जमिनीला हात न लावता उंच वाफ्यांत माती भरली. उन्हाळ्यात ५० हून अधिक दिवस सूर्य मावळत नाही, त्यामुळे टोमॅटो आणि पालेभाज्या झपाट्याने वाढतात. वाफे घराघरांना वाटून दिले जातात.

इनुविकहून समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टुकला जाणारा सुमारे १३८ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. आपल्याकडे रस्ता करताना आधी वरची माती खरवडतात. इथे शेवाळाला धक्काही न लावता, त्यावर जाड कापड अंथरून, बहुतेक काम हिवाळ्यातच उरकत खडीचा भराव घातला. टुक्टोयाक्टुकच्या लोकांनी तर १९६३ मध्ये गोठलेल्या जमिनीत सुमारे ३० फूट खाली १९ खोल्या खणल्या आणि मासे-मांस टिकवायला विजेशिवाय कोठार मिळवले.

आता हा प्रदेश बाकीच्या जगापेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. खांबांना धरून ठेवणारा बर्फच सैल होऊ लागला की इमारती कलतात, रस्त्याला खड्डे पडतात. टुक्टोयाक्टुकचा किनारा वितळत आणि लाटांनी तुटत चालला आहे. २०२० मध्ये तिथली काठावरची काही घरे उचलून आत हलवावी लागली.