औषध नसलेला दंश

आपल्याकडे झुडपांत हिरवा, सडपातळ हरणटोळ दिसतो. त्याच्या विषाचा माणसाला फारसा त्रास होत नाही. टांझानियाच्या उसांबारा डोंगरांतील जंगलात असाच बारीक, काटकीसारखा एक दुर्मीळ साप झाडावर राहतो. स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद २००१ मध्ये झाली. तो स्वभावाने लाजाळू, क्वचितच चावणारा. पण त्याच्या गटातील सापांना हरणटोळ समजून चालणार नाही.

या सापांचे विषदंत जबड्यात मागे असतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. प्रसिद्ध जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांना १९७५ मध्ये याच गटातला, स्वतः पाळलेला साप चावला. अठरा दिवसांनी ते गेले.

हे विष रक्त गोठवणारे घटक खर्ची घालते. ते संपले की रक्त गोठत नाही. याला काही तास, कधी दिवस लागतात. सुरुवातीला सूज थोडी, वेदना थोडी. रुग्णाला वाटते, काही झालेले नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते.

या विषावर प्रतिसर्पविष नाही. आफ्रिकेतील बूमस्लँग सापाच्या विषावरचे औषधही इथे उपयोगी पडत नाही. इतक्या कमी रुग्णांसाठी कोणती कंपनी औषध बनवील? तरीही ‘औषध नाही, म्हणजे उपाय नाही’ हे मला मान्य नाही.

काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यावे, वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि नळी तिरकी करावी. रक्त पातळच राहिले तर धोका ओळखावा. घोणस किंवा फुरसे चावल्यास आमच्या सरकारी रुग्णालयातही आम्ही हीच चाचणी करतो. आमच्याकडे पुढे द्यायला प्रतिसर्पविष असते. तिथे रक्त आणि प्लाझ्मा देऊनच रुग्णाला सांभाळावे लागते. पहिली चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी, रुग्णाला घाईने घरी सोडू नये.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. त्याचा हिशेब केवळ औषधाच्या बाटल्यांत मांडू नये. डोंगरातल्या दवाखान्यात काचेची नळी, रुग्णावर लक्ष ठेवणारी परिचारिका आणि रक्तपेढीपर्यंत नेणारी गाडी, एवढे आधी असायला हवे.