छावणी हिंगोलीची, गहाण वऱ्हाड

हिंगोलीत १८१९ पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा; पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, म्हणजे अखेरीस सारा भरणाऱ्या रयतेच्या घामातून. तो थकला तेव्हा १८५३ च्या तहान्वये डलहौसीने वऱ्हाड प्रांतच ताब्यात घेतला. १९०२ मध्ये कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी मोडली. फौज गेली, गहाण मुलूख सुटला नाही.

निजामाचा कैवार घेण्याचे कारण नाही. त्याची सरंजामशाही रयतेला कमी नडली नाही. परंतु पैनगंगेच्या उत्तरेस लँकेशायरसाठी कापूस व रेल्वे आणि दक्षिणेस निजामी अंमल, या व्यवस्थेतून पडलेली फाळणी निजाम गेल्यावरही उरली. दोन्ही तीर एका राज्यात आले ते १९५६ मध्ये.

२००३ च्या आक्रमणानंतर इराकच्या तेलाचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यात जमा होऊ लागला. त्याला ‘मुक्ती’ म्हटले गेले. हिंगोलीत तिचे नाव ‘संरक्षण’ होते. परक्या देशात फौजा धाडण्याचे समर्थन करणाऱ्यांना कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे, की खर्च कोणाच्या नावे मांडणार आणि गहाण काय लिहून घेणार?