दोन तास आणि पन्नास वर्षे

बोस्टनच्या गोदीत २० मार्च १९४४ रोजी ‘यूएसएस मेसन’ ही युद्धनौका अमेरिकी नौदलात दाखल झाली. ब्रिटिश आरमार अशा नौकांना ‘फ्रिगेट’ म्हणे. तिच्यावरील सुमारे १६० खलाशी कृष्णवर्णीय होते. तोवर नौदलात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मुख्यतः भोजनगृहातील चाकरीच येई. मेसनवर मात्र रेडिओ, तोफा व यंत्रे त्यांच्या हाती आली.

वर्षभर त्यांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या ताफ्यांचे रक्षण केले. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडजवळ वादळात नौकेचा डेक तडकला. दोन तासांत तो दुरुस्त करून ते इतर जहाजांच्या साहाय्यासाठी पुन्हा खवळलेल्या समुद्रात परतले. कप्तानाने प्रशस्तिपत्राची शिफारस केली. ते १९९५ साली मिळाले. तोवर अनेक खलाशी हयात नव्हते.

सैन्याची बंद दारे आपल्या पूर्वजांनीही पाहिली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ साली महार बटालियन उभी राहिली, तेव्हा ती पुन्हा उघडली. संधी मिळताच पराक्रम सिद्ध होतो. त्याची नोंद मात्र मागून, जपून मिळवावी लागते, हे मेसन आपल्याला शिकवते. म्हणून आपल्या घरांतील आजोबांची पलटणीची कागदपत्रे, पदके व छायाचित्रे आपण जपू या आणि त्यांची कथा मुलांना सांगू या.